टॅगवरची रेघ

२९ नोव्हेंबर, रात्र. विल्यम्स आणि अ‍ॅश फोर्कच्या मधलं रान, अ‍ॅरिझोना

तंबूत बसून लिहितोय. बाहेर उणे आठ आहे, बोटं धड वळत नाहीत. पण आज लिहिलं नाही तर पुढे कधीतरी हे सगळं मी माझ्या सोयीने सांगायला लागेन, म्हणून आजच लिहितो.

काल संध्याकाळी मी एका एल्क मादीवर गोळी झाडली. गोळी लागली, पण लागायला हवी तिथे लागली नाही. आज दिवसभर माग काढला. मादी सापडली नाही.

एल्क म्हणजे आपल्या सांबरापेक्षा मोठं हरीण, काश्मीरच्या हंगुलच्या भावकीतलं. मादीच सव्वादोनशे किलोच्या घरात भरते. इथल्या जमिनीवर ज्युनिपरची बुटकी, गच्च झाडं विखुरलेली आहेत. त्यातल्या एका जातीची साल हुबेहूब मगरीच्या पाठीसारखी, चौकोनी खवल्यांची. झाडं लांबून विरळ दिसतात, आत शिरलं की वीस पावलांवरचं जनावर दिसत नाही. पूर्वेला सॅन फ्रान्सिस्को पीक्सवर बर्फ आहे, इथे खाली मात्र लाल माती आणि लाव्हाचे काळे दगड. ते दगड पाहून मला कातळच आठवतो.

पाणी फार कमी. गुरांसाठी बांध घालून साठवलेली डबकी आहेत, त्यांना इथले लोक ‘टँक’ म्हणतात. हा शब्द इंग्रजीत गुजराती-मराठीकडून गेला असं शब्दकोशांत वाचलं होतं, म्हणून मी त्यांना सरळ टाकं म्हणतो. या रानातली बरीचशी भांडणं टाक्याभोवतीच होतात. लोक टाक्यांवर कॅमेरे लावून ठेवायचे, कुठलं जनावर किती वाजता पाण्यावर आलं ते घरबसल्या कळायचं. १ जानेवारी २०२२ पासून या राज्यात शिकारीसाठी असे कॅमेरे लावायला बंदी आहे. अजून कुरकुर चालते. मला ती बंदी पटते. तहानेला दुसरा पर्याय नसतो, आणि तिचं वेळापत्रक पाठ करून बसलेल्या माणसापुढे जनावराला वावच उरत नाही. जवळपास दुसरं पाणी नसेल तर टाक्यापासून पाव मैलाच्या आत तळही ठोकता येत नाही. पहिल्याच दिवशी एक तंबू अगदी काठावर दिसला. काका चालत गेले, शांतपणे बोलले, तासाभरात तंबू हलला.

काका म्हणजे माझे जुने सहकारी, वय सत्तरच्या पुढे. इंग्रजीत मी त्यांना नावानेच हाक मारतो, मनात मात्र ते काकाच आहेत. शिकारीचा रीतसर अभ्यासक्रम करायला त्यांनीच लावलं. नंतर पाच वर्षं अर्ज करत राहिलो, सहाव्या वर्षी लॉटरीत नाव निघालं. एक मादी, सात दिवस, ठरलेला भाग. टॅग, म्हणजे मारलेल्या जनावराला लावायची परवान्याची चिठ्ठी, हातात आला तेव्हा स्वतःशी ठरवलं होतं, दोनशे यार्डांच्या पलीकडे गोळी टाकायची नाही. सराव तेवढ्याच अंतराचा होता.

काल चौथा दिवस. सूर्य टेकायला आलेला. टाक्याच्या वरच्या अंगाने सात माद्या उतरत होत्या. आम्ही दगडांतून दबकत चढलो, मला धाप लागली होती. काकांनी दुर्बिणीतून अंतर सांगितलं, दोनशे नव्वद. पुढे काहीच बोलले नाहीत. आता वाटतं, त्या न बोलण्यातच त्यांचं म्हणणं होतं. मी तिकाटणं नीट रोवलंसुद्धा नाही. चार दिवस झाले, उजेड संपतोय, सहा वर्षं थांबलोय, हेच डोक्यात. मादी आडवी उभी राहिली, मी घोडा ओढला आणि त्याच क्षणी तिने एक पाऊल पुढे टाकलं.

आवाज आला. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा, बद्द. ती पाठीतून वाकली आणि कळपाबरोबर झाडांत शिरली.

जिथे उभी होती तिथे जाऊन पाहिलं. एका ज्युनिपरच्या खालच्या फांदीवर, माझ्या मांडीच्या उंचीला, रक्त होतं. गडद, आणि त्यात हिरवट चोथा. काकांनी बोटाला लावून वास घेतला. “पोटात लागलीय,” म्हणाले. “आता मागे गेलो तर मैलभर पळेल. सोडली तर जवळच बसेल. सकाळी येऊ.”

ती रात्र मी विसरणार नाही. आपण पिशवीत गुरफटून पडलोय आणि तिकडे ती बसलीय, हे माहीत असताना झोप कशी लागणार. शिकारी लोक अभिमानाने सांगतात, मीही घरी मित्रांना सांगत आलोय, की १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुकी-काडतुसांवर कर बसतो आणि तो पैसा वन्यजीवांसाठी जातो. खरं आहे ते. इथले मूळ एल्क १९०० च्या आसपास पार संपले होते. १९१३ मध्ये यलोस्टोनहून ८३ एल्क आणून सोडले, त्यातून पुढे हे कळप वाढले. हेही खरं. पण काल रात्री यातलं काहीही आठवून मला बरं वाटलं नाही.

पहाटे निघालो तेव्हा शेजारच्या तळावरचा माणूस आणि त्याची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी कॉफी घेत होते. काकांनी झालं ते सांगितलं. मी मान खाली घालून उभा. त्या मुलीकडेही टॅग होता, आणि त्यांच्या सुट्टीचा आज शेवटचा दिवस. बापाने तिच्याकडे पाहिलं, तिने कप खाली ठेवला आणि बूट घालायला लागली. एवढंच. कुणी काही मोठं बोललं नाही.

बसकण सापडली ती साडेसहाशे पावलांवर. एका जुन्या झाडाखाली गवत दबलेलं, आणि तव्याएवढं रक्त गोठून माती त्यात घट्ट बसलेली. हात लावला तर बर्फासारखं गार. रात्रीच कधीतरी उठून गेली होती. तिथून पुढे रक्ताचे थेंब दहा पावलांवर एक, मग तीस पावलांवर एक. आम्ही चौघं एका रांगेत, हाताच्या अंतराने चालत होतो. हाकाऱ्यासारखेच, फक्त तोंडातून शब्द नाही. शेवटचा थेंब त्या मुलीला दिसला, एका लाव्हाच्या दगडाच्या कडेला, मसुरीएवढा. तिने त्यावर आपली केशरी टोपी ठेवली आणि आम्ही येईपर्यंत जागची हलली नाही.

त्यापुढे दगडी पठार. खूर उमटत नाहीत. दुपारी दोनपर्यंत गोल गोल फिरलो. झाडाझाडाखाली वाकून पाहिलं. कावळे कुठे उतरतात ते पाहत राहिलो. काही नाही. मुलीचा शिकारीचा दिवस माझ्या चुकीमागे गेला. मी माफी मागायला लागलो तर बाप म्हणाला, “ती आठ वर्षांची असताना माझ्यावरही हीच वेळ आली होती. तेव्हाही कुणीतरी आलं होतं.”

संध्याकाळी रस्त्यावर आणखी एक जण भेटला, चारचाकी गाडीतून हिंडणारा. त्याने ऐकून घेतलं आणि सहज म्हणाला, “दोन दिवस आहेत की अजून. कोल्ह्यांनाही खायला लागतंच. दुसरी मार.” वाईट माणूस वाटला नाही. कायद्याच्या बाजूने तो बरोबरच आहे. जनावर हाती लागलं नाही तर टॅग माझाच, आणि दोन दिवसही माझे.

मला माझे आजोबा आठवले. सिंधुदुर्गातलं गाव, शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याआधीच्या गोष्टी सांगायचे. डुकराच्या शिकारीत वाटे कसे पडायचे, हाका घालणाऱ्याला, कुत्रेवाल्याला, त्या दिवशी आजारी म्हणून न आलेल्यालाही. एकदा त्यांच्या गोळीचं डुक्कर जखमी होऊन जाळीत गेलं. दोन दिवस शोधलं, मिळालं नाही. त्या वर्षी त्यांनी पुन्हा बंदूक भरली नाही. आजी विचारायची, राखणीला तरी जा, तर म्हणायचे, “माझा वाटा गेला जाळीत.” लहानपणी मला तो त्यांचा हट्ट वाटायचा.

जेवण झाल्यावर मी टॅग बाहेर काढला, पेनाने तिरकी रेघ मारली आणि खाली कालची तारीख घातली. रायफलचा बोल्ट, ज्याच्याशिवाय ती चालत नाही, काढून वेगळ्या पिशवीत ठेवला. काका शेगडीपाशी बसून पाहत होते. “अंतर सांगितलं तेव्हाच मी थांबवायला हवं होतं,” ते म्हणाले. मी म्हणालो, बोट माझं होतं. त्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या कपात उरलेला चहा ओतला.

टॅग संपला, पण मादी अजून त्या रानात कुठेतरी आहे. थंडी अशीच राहिली आणि ती रात्रीत गेली असेल तर उद्या सकाळपर्यंत मांस टिकलेलं असेल. सापडली तर तोच टॅग तिला लावायचा, कालचीच तारीख आहे त्यावर. नसेल टिकलं तरी बघायला जायचंच. पठाराच्या पलीकडे एक ओढा उतरतो, तिकडे आज पोचलो नाही. पोटात लागलेलं जनावर पाण्याकडे जातं म्हणतात. पाच वाजता उठायचं ठरलंय. शेजारची दोघं खरं तर आज रात्रीच निघणार होती, पण त्यांचा तंबू अजून उभा आहे. आत कंदील चालू आहे.