दिवाळीला घरी न जाणारी गँग

मागच्या आठवड्यात गॅदरिंगला आमच्या होस्टेलच्या पोरींवर नाटुकलं झालं. चार पोरं ओढण्या घेऊन स्टेजवर, "काय करायलीस गं", "कुठं जायलीस गं" असं चिरक्या आवाजात, हातात पत्र्याचा डबा आणि दहा दहा रुपये गोळा करायचं सोंग. "दिवाळीलापण घरी जात नाही ही गँग" ह्यावर तर हॉल डोक्यावर घेतला सगळ्यांनी. माझ्या शेजारची फर्स्ट इयरची पोरगी आधी थोडी हसली, मग उठून गेली. रात्री जेवली नाही.

तिच्या घराला दिवाळीत कुलूप असतं. बीड जिल्ह्यातली आहे, मुकादमाकडून उचल घेतलेली, माय-बाप दसऱ्यानंतर कोयता घेऊन कारखान्याला ऊस तोडायला जातात ते मार्च-एप्रिललाच येतात, मग तिनं जायचं कुठं? आमच्यात अशा सात-आठजणी आहेत म्हणून आम्ही बाकीच्यापण दोन दिवस मागं थांबतो, उटणं लावतो एकमेकीला.

आणि तो डबा बिस्किटाचा आहे, झाकण वाकलंय. सोबत एक वही. त्यात "घाटी, रात्री रिक्षा १५०" असं लिहिलंय, घाटी म्हणजे सरकारी दवाखाना, त्या रात्री एकीला १०४ ताप होता. पुढच्या पानावर एकीच्या परीक्षा फॉर्मचे पैसे, खाली तिची सही, आणि तीन महिन्यांनी "परत दिले".

अमेरिकेत कॉलेजमधल्या पोरींच्या अशा संघटनेला सोरॉरिटी म्हणतात, पोरांच्या फ्रॅटर्निटी. त्यांचीपण लई टवाळी होते, काही ठिकाणी दारू आणि रॅगिंगपायी त्यांनी ती ओढवून घेतलीय हे खरंच आहे. पण १९०८ ला वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत काळ्या मुलींनी अल्फा काप्पा अल्फा काढली तेव्हा तिथली गुलामी संपून पन्नास वर्षंपण झाली नव्हती. एकमेकीला धरून राहिल्या त्या. अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या कमला हॅरिस त्यातल्याच. हे वाचलं तेव्हा मला आमचा डबाच आठवला.

नाटुकलं लिहिणाऱ्याला मी कँटीनला गाठलं. भांडायलाच गेले होते, पण नुसती वही पुढं केली. त्यानं दोन पानं वाचली, म्हणाला, माहीत नव्हतं. अरे मग विचारायचं ना, रोज एकाच वर्गात बसतो आपण. सॉरी म्हणाला, मनापासून म्हणाला असं वाटलं.

पण काल मेसमध्ये ती पोरगी ताट घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "ताई, काय करतेयस?" आजवर कधी असं बोलली नव्हती, "करायलीस"च म्हणायची. मी मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "जेवायलेय, बस इथं."