पूल बघून झाला, आता दुकान दाखव

गोल्डन गेट ब्रिजबद्दल मी काही लिहिणार नाही. धुकं होतं, वारा होता, गर्दी होती, पूल शेंदरी होता. योसेमिटीचं राष्ट्रीय उद्यानही झालं, तिथे निम्मा दिवस गाडी लावायला जागा शोधण्यात गेला. मला लिहायचंय ते किराणा दुकानांबद्दल.

हे खूळ भाच्याच्या गाडीत सुरू झालं. बे एरियाच्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या उपनगरांतून जाताना मागच्या सीटवर बसलेल्या पाहुण्याला इमारती बघण्याशिवाय दुसरं काम नसतं, आणि इमारती म्हणाल तर सगळे सपाट छपरांचे बिनचेहऱ्याचे खोके. त्यात एके ठिकाणी अचानक रुंद, उथळ कमानीचं छप्पर दिसलं. सारवट गाडीला असतं तसं, पुढून थेट मागपर्यंत गेलेलं. खाली जुने कपडे आणि भांडी विकणारं दुकान.

"हे आधी काय होतं रे?"

"असेल काहीतरी, मावशी."

मी गाडी थांबवायलाच लावली. सगळी नोकरी बांधकाम खात्यात गेली. असं छप्पर दिसल्यावर नुसतं हात हलवून पुढे कशी जाऊ?

जवळ जाऊन पाहिलं. नव्या पाटीच्या आजूबाजूला भिंतीचा रंग किंचित गडद होता. उन्हाकडे पाठ करून नीट बघितलं तर आधीच्या अक्षरांच्या कडा दिसत होत्या आणि स्क्रूची भोकं लांबी भरून बुजवलेली. दर्शनी काचेची भिंत अर्ध्यापर्यंत प्लायवूडने झाकलेली. आत मात्र छताला कुणी हात लावला नव्हता. लाकडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून वाकवलेल्या जाडजूड तुळया या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि मध्ये एकही खांब नाही. खांबच नाहीत म्हटल्यावर मांडण्या हव्या तशा सरकवता येतात, म्हणजे दुकानदाराला पर्वणीच. मी मान वर करून तुळया मोजत होते आणि गल्ल्यावरची बाई भाच्याकडे बघत होती. भाचा शर्टांकडे बघत होता.

रात्री शोधाशोध केली. या छपरांना 'मरीना स्टाइल' म्हणतात. सेफवे या किराणा दुकानांच्या कंपनीने १९५९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागात एक दुकान बांधलं. आराखडा वुर्स्टर, बर्नार्डी अँड एमन्स या नावाजलेल्या वास्तुविशारदांचा. कंपनीला तो इतका पसंत पडला की साठच्या दशकात अमेरिकेत गावोगावी तीच कमान उभी राहिली. गिऱ्हाईक मोटारीतून भरधाव येणार, पाटी वाचायला त्याला सवड कुठली? म्हणून सगळी इमारतच पाटी करून टाकायची. तिकडे पूर्वेकडे ए अँड पी या दुसऱ्या किराणा कंपनीने उलटा रस्ता धरला: विटांची भिंत, उतरतं छप्पर, वर एक छोटी घुमटी आणि तिच्यावर वातकुक्कुट. जुन्या वसाहतींच्या काळातलं घर वाटावं असं, आणि आत विकायला काय, तर साबण आणि डबाबंद मका! मला कमानच बरी वाटते. निदान ती सोंग घेत नाही.

कंपन्या दुकानं सोडून गेल्या तरी छपरं राहिली. आता त्यांच्याखाली कुठे व्यायामशाळा आहे, कुठे चर्च.

मूळ दुकान पाहायचंच म्हणून हट्ट धरला. फिशरमन्स व्हार्फपासून चालत निघालो. वाटेत घिरार्डेली स्क्वेअर लागला. जुन्या चॉकलेट कारखान्याचं रूपांतर करून तिथे दुकानं आणि खाण्यापिण्याच्या जागा काढल्या, त्यातही याच वास्तुविशारदांचा हात होता. आइस्क्रीमच्या रांगेतल्या कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं, आमच्या नातीलाही नाही. पुढे फोर्ट मेसनची चढण. गुडघ्यांनी निषेध नोंदवला. उतरलो की समोर ते दुकान.

आणि इथेच माझी चिडचिड झाली. रस्त्यापलीकडे खाडी आणि होड्या, त्यामुळे जो तो दुकानाकडे पाठ करून पाण्याचे फोटो काढत होता. या दुकानाच्या दर्शनी भागावर जॉन गार्थ या चित्रकाराचं मोझेक आहे, १९५९चंच. बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे, एकाच रंगाच्या तीन-तीन छटा, आणि मधल्या सांध्यांत साठलेली समुद्राकाठची काळपट ओल. कांदे-बटाटे घ्यायला येणाऱ्यांसाठी कुणीतरी एवढं निगुतीने काम केलं! मी नाक भिंतीला लावून बघत होते. भाचेसून हळूच म्हणाली, "मावशी, तुम्ही त्या माणसाच्या ट्रॉलीच्या वाटेत आहात." तो बिचारा तिथेच उभा राहून मी काय बघतेय ते बघायला लागला, खांदे उडवले, आणि वळसा घालून गेला.

आता या जागेवर २५ मजली इमारत बांधायचा प्रस्ताव आला आहे, त्यावरून शहरात वाद चालू आहे. भाचा म्हणतो, लोकांना राहायला घरं नाहीत, कमानी काय चाटायच्या? त्याचं घरभाडं ऐकून मीही दोनदा विचारलं होतं, त्यामुळे मला त्याला फार बोलता येत नाही. पण घरंच बांधायची तर उपनगरांतले ते सपाट खोके आधी पाडा की! त्यांच्यासाठी मी स्वतः कुदळ घेऊन येते.

भाचेसून मात्र माझ्या बाजूला आली आहे. परवा तिने वाट वाकडी करून एका व्यायामशाळेच्या छपराचा फोटो काढून पाठवला. त्यात निम्मं तिचं बोट आहे, पण कमान ओळखू येते.