तुम्ही विचारलंत म्हणून: हो की नाही?

"आकडे राहू द्या. हे पाण्यात गेलं तर मासे मरतील का, हो की नाही, एवढंच सांगा." रसायनं पाण्यातल्या जीवांना किती विषारी आहेत हे मी प्रयोगशाळेत तपासतो. रसायन बनवणारा हे विचारतो, त्याच्या विरोधात उभा राहणाराही हेच विचारतो. मी "ते अवलंबून आहे" म्हटलं की दोघांनाही वाटतं, याला कोणीतरी विकत घेतलंय. कोणी घेतलंय, यावर मात्र त्यांचं एकमत होत नाही.

माशांची चाचणी 96 तासांची, डॅफ्नियाची (पाण्यातल्या पिसूएवढ्या जीवाची) 48, शेवाळाची 72. निम्मे जीव ज्या प्रमाणाला ढेपाळतात तो आकडा काढून हातात ठेवायचा, बाकीचं ज्याचं त्यानं बघावं, असं मीही बरीच वर्षं म्हणत असे. आकड्याला पक्ष नसतो, हे तर मी ऐटीत सांगायचो.

मग क्वाटर्नरी अमोनियम जातीचं एक जंतुनाशक चाचणीला आलं. या रेणूंवर धन भार असतो, त्यामुळे ते काचेला, गाळाला, शेवाळाला, जे सापडेल त्याला चिकटतात. वजन करून, विरघळवून भांड्यांत टाकलं. दुसऱ्या दिवशी वरच्या प्रमाणांतल्या डॅफ्निया तळाशी होत्या. भांडं हलकेच फिरवायचं, 15 सेकंद थांबायचं. पोहली नाही तर ती निश्चल धरायची, मिशा हलवत असली तरी. त्या हलणाऱ्या मिशांकडे बघत 'निश्चल'च्या रकान्यात खूण करणं मला अजून जड जातं, पण खूण करतो.

टाकलेल्या प्रमाणावर हिशेब केला तर निम्म्या डॅफ्निया निश्चल होण्याचा आकडा लिटरला 1 मिलिग्रॅमच्या थोडा वर येत होता. पण पाणी तपासलं तेव्हा टाकल्याच्या पाव भागही त्यात शिल्लक नव्हतं. प्रमाण 20 टक्क्यांहून जास्त हललं, तर मोजलेलंच धरायचं असा दंडक आहे. तसं धरल्यावर आकडा 1 च्या बराच खाली गेला. रसायनांच्या धोक्यांच्या जागतिक वर्गीकरणात 1 मिलिग्रॅम किंवा त्याखाली म्हणजे तीव्र विषारीपणाची पहिली श्रेणी, डब्यावर वाळलेलं झाड आणि मेलेला मासा. दुसऱ्या श्रेणीला ते चित्र लागत नाही. सगळं भांडण या चित्रावरून होतं.

जंतुनाशक बनवणाऱ्यांकडून फोन आला. माणूस हुशार होता, आणि तेच जास्त त्रासाचं. "तुमच्या काचेला चिकटतं, तसं नदीत गाळाला चिकटेल. कुजलेल्या पाल्यातून येणारी ह्यूमिक द्रव्यं आहेत, माती आहे. इतक्या नितळ पाण्यात जगतं कोण?" त्याने ह्यूमिक आम्ल घालून चाचणी पुन्हा करायला सांगितली. केली. आधी ज्या प्रमाणाला डॅफ्निया पडल्या होत्या, तिथे या वेळी त्या पोहत राहिल्या.

दोन्ही निकाल अहवालात दिले, श्रेणी मात्र नितळ पाण्याचीच ठेवली. वर्गीकरण पदार्थाचा अंगचा गुण विचारतं. नदी कुठली, गाळ किती, हे विचारत नाही. त्याने पुढची कामं दुसरीकडे नेली. श्रेणीबाबत मी बरोबर होतो, आजही ठामपणे सांगतो. पण नदीबद्दल तो चुकीचा बोलत होता असं मला म्हणता येत नाही, आणि तुम्ही विचारता ते नदीबद्दलच.

मग गाळावर भरवसा ठेवून सूट द्यावी म्हणता? उलटंही होतं, चाचणीत न दिसलेलं विष ओढ्यात मारतं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर पावसानंतर शहरी ओढ्यांत कोहो सामन मासे अंडी घालण्याआधीच मरत होते, वर्षानुवर्षं. कारण 2020 मध्ये जाहीर झालं: टायरच्या रबरात घालतात त्या सिक्सपीपीडी नावाच्या रसायनाचा ओझोनशी संयोग होऊन बनणारं दुसरं रसायन, त्याचा क्विनोन. त्याचा घातक आकडा आधी लिटरला 0.8 मायक्रोग्रॅमच्या आसपास निघाला, नंतर सुधारून 0.1 च्याही किंचित खाली आला. झेब्राफिश आणि डॅफ्निया मात्र तो पाण्यात विरघळेल तितका पचवतात. चाचणीला रेनबो ट्राउट घेतला तर मरतो; झेब्राफिश घेतला तर अहवाल कोरा. दोन्ही मासे नियमात बसतात. शिवाय कारखान्यातून चाचणीला येतं ते सिक्सपीपीडी, रस्त्यावर तयार होणारा क्विनोन नव्हे.

"मग तुझा आकडा कशाला हवा?" हे मला आता दुसरं कोणी नाही, तो जुना ऐटबाज मीच विचारतो. आकडा नसेल तर फोनवर हुशार बोलणाऱ्याचंच चालेल, असं मी त्याला सांगतो. त्याचं समाधान होत नाही. माझंही अर्धंच होतं.

तेव्हा तुमचं "हो की नाही". तीन अल्पकालीन चाचण्यांचेच निकाल आणलेत तर सर्वांत लहान आकड्याला मी 1000 ने भागणार, आणि येईल ती ओढ्यासाठी सुरक्षित मर्यादा धरणार. माशाची किंवा डॅफ्नियाची एक दीर्घकालीन चाचणी जोडलीत तर 100 ने. ओढ्यात तुमचं रसायन त्याहून जास्त असेल, तर मी "हो" म्हणणार नाही, "नाही"ही म्हणणार नाही. डॅफ्नियाची 21 दिवसांची चाचणी करून आणा म्हणेन. त्याचा खर्च कोणी करायचा, यावर पुन्हा भांडू.