दहा मिनिटं पुढे

रविवार, रात्री ११. अमळनेर.

बापूंच्या खोलीतलं घड्याळ अजून दहा मिनिटं पुढेच आहे. प्रताप कापड मीलचा भोंगा व्हायच्या आत फाटकात शिरायचं, नाहीतर त्या दिवशी आपल्या जागी लागायला बाहेर बदलीवाला टपलेला, म्हणून त्यांनी ते तसं लावलं होतं. मील बंद झाली, भोंगा गेला, काटे मात्र मागे घेऊ देत नाहीत. मी एकदा गुपचूप नीट लावलं, तर दोन दिवस अबोला.

दुपारी भाच्यासमोर नेहमीचं सुरू झालं. प्रतापशेठांनी मील काढली, १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. कारखानदार असावा तर असा. भाच्याला मात्र शेअरची गोष्ट हवी असते. १९४५ साली गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो. ज्यांनी तेव्हाचे कागद जपले ते कोट्यधीश झाले. आमच्याकडे कागद नव्हते, मीलचा पगार होता. अमळनेर म्हटलं की बाहेरचे हीच गोष्ट काढतात. मला आता ती ऐकवत नाही. शेअर वाढायला गावात पाळी चालावी लागत नाही.

पुढे काय व्हावं यावर घरात एकमत नाही. बापूंना मीलच हवी. दादा म्हणतो, पाडळसे धरण पुरं होऊ द्या, पाणी आलं की जिनिंग, सूतगिरणी आपोआप येतील. हे म्हणता म्हणता त्याचे केस पिकले. वहिनीला जळगावात खान्देश मीलच्या जागेवर झाला तसा मॉल चालेल, निदान पोरींना काउंटरवर काम मिळेल. मी हसलो, मग गप्प झालो. आमच्या घरच्या मीलच्या गप्पांत बायका फक्त डबा भरताना येतात.

मला एकच मोठं फाटक नको वाटतं. ते लागलं की अख्खी चाळ बसते. जळगावात चटई, पाइप, डाळ मिली आहेत. एक बंद पडली तर माणूस शेजारच्या दारात जातो. हे बोललो तर बापू म्हणाले, "तठे पीएफ भेटस का?"

मला उत्तर सुचलं नाही.

भाचा सुरतेला, उधन्यात कापडाच्या कारखान्यात आहे. संध्याकाळी बापूंनी घड्याळ पाहून त्याला दामटलंच. स्टेशनवर कळलं, गाडी पाऊण तास लेट. बाकावर बसून त्यांनी विचारलं, "तुमनाकडे भोंगा वाजस का रे?"

"नाही आजोबा. अंगठा लावायचा."