मुदतवाढ

गुरुवार, रात्री

पोस्टात खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "काका, पैसे काढताय की मुदतवाढ?" तोंडून लगेच गेलं, "मुदतवाढ." पाच वर्षांची. सही केली, बाहेर आलो आणि गाडीला किल्ली लावताना हात थांबला. विचार केलाच नाही मी.

फेब्रुवारी २०१० मध्ये खातं काढलं तेव्हा पीपीएफला ८ टक्के मिळायचे, आता ७.१. ते बोचत नाही. बोचतं ते हे, की त्याच संध्याकाळी मी ठरवलं होतं, पंधरा वर्षं भरायचे, पैसे हातात आले की नोकरी सोडायची आणि मिरजेत तंबोरे करणाऱ्या चाचांकडे बसून तंबोऱ्याची जवारी काढायला, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद खुलवायला शिकायचं. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक) मानांकन मिळालं, त्या बातमीचं कात्रण पासबुकातच होतं. आज खिडकीवर पासबुक देताना तेवढं काढून खिशात घातलं.

हिच्या गोळ्या, धाकटीची फी, वरचा मजला... असो. सगळं खरं आहे. पण खिडकीसमोर यातलं काहीच मनात आलं नव्हतं. नुसती भीती होती. इतकी अंगवळणी पडलेली, की माझ्याआधी तीच बोलली.

घरी न जाता विश्रामबागवरून तसाच मिरजेला गेलो. चाचांनी काही विचारलं नाही, तंबोऱ्याची घोडी पुढ्यात सरकवली. कानस फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं. परत कानस. खर्ज, म्हणजे खालचा सा, बद्दच वाजत होता. मी जोर लावला तशी चाचांनी मनगट धरलं. "हळू. जादा घासलं तर परत येत न्हाई."

पंधरा वर्षं. कुठली परत यायची.

दिवे लागल्यावर कधीतरी दोरा नेमक्या जागी बसला आणि खर्जातून गंधार ऐकू आला. तारेवर कुणी न लावलेला, आपोआप उमटणारा. दोन-तीन श्वास टिकला असेल. मला भरून आलं. चाचा म्हणाले, "हात बसायला पाच-सहा वर्षं जातील."

म्हणजे ५४, ५५. तोवर पगारही असेल, खातंही चालू असेल. चालेल. नोकरी सुटेपर्यंत थांबायचं हे कुणी सांगितलं नव्हतं, मीच धरून बसलो होतो.

हिला अजून काही बोललो नाही. जेवताना तिनं माझ्या नखांतला पांढरा भुगा पाहिला आणि विचारलं, "शनिवारी पण जाणार का?"


"हो," म्हटलं.