काळा पाषाण, पांढरा स्तूप

ठाणेकराला कान्हेरी जवळ आहे आणि लांबही आहे. येऊरचे डोंगर आणि कान्हेरीची लेणी एकाच संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येत असली, तरी आम्हाला घोडबंदर रस्त्याने सगळ्या डोंगराला वळसा घालून बोरिवलीचे प्रवेशद्वार गाठावे लागते. बोगदा होईल तेव्हा होईल. लेणी सोमवारी बंद असतात, तो वार सोडून जमेल त्या सुट्टीला कॅमेरा घेऊन मी तिथे जात आले आहे, आणि दगडाचा फोटो कसा काढावा हे जे काही मला कळते, ते तिथल्या बेसॉल्टनेच शिकवले आहे.

कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरची वस्तू मध्यम करड्या छटेची आहे असे धरून चालतो. समोर काळा पाषाण आला की प्रकाश कमी आहे अशी त्याची समजूत होते, तो एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, वाढवतो आणि शतकानुशतकांची काळी भिंत नुकताच सिमेंटचा गिलावा केल्यासारखी फिकट दिसू लागते. त्यावर उपाय म्हणून कॅमेऱ्याच्या माथ्यावरची, एक्स्पोजर कमी-जास्त करणारी चकती उणे 1 वर फिरवायची. माझी चकती तर तिथेच मुक्कामाला असे, आणि हीच सवय मला श्रीलंकेत भोवली.

अनुराधापूरचा रुवनवेलिसाय हा स्तूप दुट्ठगामणी राजाने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात उभारला. जीर्णोद्धारानंतरचे त्याचे आजचे रूप शुभ्र आहे, आणि भोवतालच्या कोटाच्या भिंतीवर हत्तींची रांग आहे. पौर्णिमा असल्यामुळे आवारात पांढऱ्या कपड्यांतले हजारो भाविक होते. चपला बाहेर काढलेल्या आणि फरशी तापलेली, त्यामुळे सावलीच्या पट्ट्यांवरून उड्या मारत मी तासाभरात दोनशेहून अधिक फोटो काढले. उन्हामुळे कॅमेऱ्याच्या पडद्यावर काही धड दिसत नव्हते आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, पाहण्याचा मी कंटाळा केला. रात्री खोलीवर पाहते तो काय, स्तूप धुवायला टाकलेल्या धोतरासारखा मळकट, आणि भाविकांच्या अंगावर जणू राखाडी गणवेश! पांढऱ्या वस्तूपुढे मीटर आपण होऊनच एक्स्पोजर कमी करतो. त्यावर माझी कान्हेरीची उणे 1 तशीच राहिली होती, म्हणजे अंधारात आणखी अंधार कालवल्यासारखे झाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चकती अधिक 1 वर ठेवून पुन्हा गेले. ऊन अजून तिरपे होते आणि स्तूपाच्या गोलाईवर उजेडाकडून सावलीकडे जाणारी छटा हळूहळू उतरत होती. भर दुपारी ती छटा नाहीशी होते आणि घुमट कागदातून कापून काढल्यासारखा सपाट दिसतो. एक आजी ओंजळीत निळी कमळे घेऊन वेदीपाशी उभ्या होत्या. पांढऱ्या भिंतीवरून परतलेल्या उजेडाने त्यांचा चेहरा खालून उजळला होता. खुणेने परवानगी विचारली, त्यांनी मान हलवली आणि मी एकच फोटो काढला. त्या देशात बुद्धमूर्तीकडे पाठ करून स्वतःचा फोटो काढणे हा अनादर समजला जातो. आपल्याकडच्या लेण्यांत मूर्तीच्या मांडीवर हात ठेवून उभे राहणाऱ्या मंडळींना हे कोणी तरी सांगायला हवे.

जवळच्या जेतवनारामात मात्र मीटरला काहीच सुधारावे लागले नाही. मुळात सुमारे 122 मीटर उंच असलेला हा विटांचा स्तूप आज 71 मीटरच्या आसपास उरला आहे. उघड्या, तांबूस विटांची छटा मीटरच्या कल्पनेतल्या करड्याशी नेमकी जुळते. चकती शून्यावर, आणि फोटो जसाच्या तसा.

जावातल्या बोरोबुदूरला वेगळीच अडचण आली. अँडेसाइट या ज्वालामुखीच्या दगडातल्या, नवव्या शतकातल्या या वास्तूवर 504 बुद्धमूर्ती आणि 2672 शिल्पपट आहेत. वर जाणाऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि दगड झिजू नये म्हणून ‘उपानत’ नावाच्या खास चपला घालायला देतात. (संस्कृतातली उपानह इतक्या दूर भेटली, याचा मला फोटोंपेक्षा अधिक आनंद झाला.) उठावाचे शिल्प फोटोत उतरायचे तर ऊन भिंतीला घासून जायला हवे. मी गेले जुलैमध्ये. बोरोबुदूर विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे त्या महिन्यांत सूर्य दिवसभर उत्तरेकडे कललेला असतो, आणि दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतींवरचे शिल्पपट सावलीतच राहतात. उत्तर बाजूला एका पटावरचे शिडाचे जहाज मात्र उन्हात असे उठून आले, की कान्हेरीच्या शिलालेखांत दाते म्हणून नोंदलेली कल्याण-सोपारा या जुन्या बंदरांतली माणसे आठवली. दक्षिणेचे पट टिपण्यासाठी डिसेंबरात पुन्हा जावे लागेल, म्हणजे पुन्हा रजा आणि पुन्हा तिकीट.

भूतानच्या तक्तसंग मठात प्रवेश करण्यापूर्वी कॅमेरा बाहेर ठेवावा लागतो, तेव्हा तिथल्या अंतर्भागाविषयी या लेखात काही नाही.

गेल्या श्रावणात कान्हेरीला गेले, तेव्हा आभाळ पूर्ण झाकलेले होते. एरवी तिसऱ्या लेण्याच्या ओवरीत मोठी पंचाईत होते. दोन टोकांच्या सुमारे सात मीटर उंच बुद्धमूर्ती अंधारात आणि बाहेरचे अंगण कडक उन्हात, त्यामुळे मूर्ती सांभाळावी तर अंगण जळते आणि अंगण सांभाळावे तर मूर्ती बुडते. पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय ट्रायपॉड लावता येत नाही, म्हणून संथ शटरचीही सोय नाही. पण ढगांमुळे त्या दिवशी आतबाहेरच्या उजेडातले अंतर पुष्कळ घटले होते. खांबाला खांदा टेकवून श्वास रोखला आणि डावीकडची मूर्ती टिपली. पावसाने अंगणाचा दगड अधिकच काळा झाला होता, वरून कोरीव पन्हळीतले पाणी पोढीत, म्हणजे दगडात खोदलेल्या टाक्यात, पडत होते, आणि चकतीकडे पाहिले तर ती बोरोबुदूरच्या शून्यावरच होती. ती उणे 1 वर फिरवून दुसरा फोटो घ्यायला गेले, तोवर एक सहल पायऱ्या चढून आली आणि चाळीस रंगीत छत्र्या मूर्तीपुढे उघडल्या गेल्या.