साल्साची बाग: टेक्सासपेक्षा पुण्याची गच्ची बरी

मध्य टेक्सासात मे संपता संपता टोमॅटो लाल व्हायला लागतात, आणि तोवर कोथिंबीर फुलून धने धरून मोकळी झालेली असते. साल्साला, म्हणजे मेक्सिकोच्या टोमॅटो-मिरचीच्या चटणीला, दोन्ही लागतात, पण त्यांचे हंगाम जुळत नाहीत. इकडचे बागवाले मग टोमॅटो घरचा आणि जुडी दुकानातली, असं भागवून नेतात. पुण्यात ही रड नाही. डिसेंबर ते फेब्रुवारी टोमॅटो, मिरची, कोथिंबीर तिन्ही एकदम हाताशी असतात. पुढे अलिबागचा पांढरा कांदाही माळांनी बाजारात येतो. कच्च्या साल्साला तोच हवा, कारण तो गोडसर आणि कमी उग्र असतो. कुंडीत कांदा पोसायच्या फंदात पडू नका. जागा अडते आणि हाती येतात लिंबाएवढे गड्डे.

पेरणीचा हिशेब उलटा मांडायचा. मिरचीचं रोप लावणीला यायला साधारण सहा आठवडे लागतात, टोमॅटोचं चार. म्हणून मिरची ऑगस्टच्या मध्यात आणि टोमॅटो सप्टेंबरच्या सुरुवातीला पेरा, पावसाचा मार लागणार नाही अशा जागी. परतीचा पाऊस ओसरला की लावणी. भर पावसात लावलेल्या टोमॅटोवर करपा येतो. उलट जानेवारीत लावलात तर फुलं एप्रिलच्या उन्हात सापडतात. दिवसा पारा 35 अंशांवर आणि रात्री 23-24 अंशांवर राहिला की परागकण निकामी होतात, फूल देठापासून गळतं. खत वाढवून तेव्हा काही साधत नाही.

साल्साला गर जास्त, पाणी आणि बिया कमी असा लांबट टोमॅटो घ्या. रोमा जातीचं झाड बुटकं राहतं आणि बरीचशी फळं तीन-चार आठवड्यांत देतं. पर्णगुच्छाचा (पानं आखडणाऱ्या विषाणूरोगाचा) त्रास नेहमीचा असेल तर बंगळुरूच्या संस्थेचा ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण त्या रोगाला दाद देत नाही. एका झाडाला 18-20 लिटरची कुंडी किंवा वाढपिशवी (ग्रो बॅग), मिरचीला 10-12 लिटरची. दोन भाग माती, दोन भाग गांडूळखत, एक भाग कोकोपीट आणि कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. युरिया नको, झाड नुसतं पानांनी माजतं.

फळाचा बुडखा काळा पडून खपली धरली तर तो बुरशीचा रोग नव्हे. फळापर्यंत कॅल्शियम पोचत नाही, आणि कुंडीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन दिवस कोरडं, तिसऱ्या दिवशी पूर, असं पाणी. वाळक्या पाल्याचं दोन इंच आच्छादन घाला, पाणी रोज ठरल्या वेळी द्या. फुलं असताना सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांदीला टिचकी मारा, फळधारणा सुधारते.

हालापिन्यो ही जाड सालीची, मध्यम तिखट मिरची. बी ऑनलाइन मिळतं. फळ बोटभर लांब, गडद हिरवं झालं की तोडायचं. सालीवर बारीक तपकिरी रेघा दिसल्या तर घाबरू नका, ती कीड नव्हे. कोवळी पानं वळून बोकड्या दिसला मात्र फुलकिडे किंवा कोळी-कीड आलीच. पानाची खालची बाजू पाहून निंबोळी अर्क मारा. हालापिन्यो नसेल तर अर्धी ढोबळी आणि एक लवंगी चालते.

कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाका करा, रात्रभर भिजवा, सेंटिमीटरभर खोल पेरा. उगवायला आठ-दहा दिवस. पुनर्लावणी तिला मानवत नाही. दर पंधरा दिवसांनी एक ट्रे पेरलात तर जुडी कधी तुटत नाही.

हिरव्या साल्साचा टोमॅटिलो रसभरीच्या कुळातला. एकटं झाड फुलतं पण फळ धरत नाही, कारण स्वतःचे पराग त्याला चालत नाहीत. निदान दोन झाडं हवीत. फळाने वरचं टरफल भरून तडकवलं की काढा. सालीवरचा चिकटपणा कोमट पाण्याने धुवा, नाहीतर कडवट लागतं.

आता प्रमाण. अर्धा किलो टोमॅटो बारीक चिरून पाऊण चमचा मीठ लावा, चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या. ही पायरी गाळली की तासाभरात वाडग्यात पाणी साचतं. मग 100 ग्रॅम कांदा धुऊन, दोन मिरच्या, देठांसकट 25 ग्रॅम कोथिंबीर, दोन मोठे चमचे लिंबूरस. आवडत असेल तर पानओव्याचं एक छोटं पान, त्याहून जास्त नको. मिक्सर टाळा, कच्चा टोमॅटो फेसाळून गुलाबी होतो. मेक्सिकोत हे काम तीन पायांच्या दगडी मोल्काहेतेत चालतं. तो दगड बसाल्ट, म्हणजे आपल्या पाट्याचाच. घरात पाटा-वरवंटा पडून असेल तर तव्यावर काळे डाग पडेपर्यंत भाजलेले टोमॅटो, लसूण, मिरची त्यावर ओबडधोबड वाटा.

साल्सा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस टिकतो. इकडे टेक्सासात बाटल्या भरून वर्षभर ठेवतात, पण मोजून आम्ल घालून, तपासलेल्या कृतीनेच. टोमॅटोचा सामू (pH) कधीकधी 4.6 च्या वर जातो, म्हणजे आंबटपणा कमी पडतो, आणि हवाबंद बाटलीत बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू वाढू शकतो. त्याला वास येईलच असं नाही. अंदाजपंचे लिंबू पिळून बाटली फडताळात ठेवू नका. जास्त झाला तर सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि नंतर शिजवलेल्या भाजीत वापरा.